चढाईत गेलेला दात

एप्रिल लागला की आमच्या चाळीत माणसं शिंकायला लागायची. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत वर्षाच्या मिरच्या कांडायला पडायच्या, डंकांचा ठणठणाट दिवसभर चालायचा, आणि वारा आमच्या बाजूला फिरला की तळमजल्यावर सुरू झालेल्या शिंका जिन्याने वर चढत चढत आमच्या खोलीपर्यंत यायच्या. भिंतीपलीकडे कोण शिंकलं ते आवाजावरून ओळखता यायचं. बाबा रात्रपाळी करून आलेले असले तर झोपेतच शिंकायचे, झोपेतच 'राम राम' म्हणायचे आणि कूस बदलायचे. आई शिंकताना हातातलं काम सोडायची नाही. शेवंताआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, मात्र शिंक येतेय म्हटल्यावर आधी पदर सारखा करायची, मग गॅलरीचा कठडा धरायची, आणि मग अशी शिंकायची की समोरच्या चाळीतून कुणीतरी 'जगा गो आते' म्हणून ओरडायचं. हे सगळं सांगायचं कारण असं की, ज्या उन्हाळ्यात माझा पुढचा दात मोडला त्या उन्हाळ्यात आमच्या अख्ख्या चाळीत शिंकायला बंदी असलेली मी एकटीच होते.

आमच्या दोन खोल्यांचा कारभार आई आणि आत्या मिळून चालवायच्या, म्हणजे आई चालवायची आणि आत्या त्यात चुका काढायची. आत्या लवकर विधवा झालेली, गिरणीत वाइंडिंग खात्यात उभं राहून राहून गुडघे गेलेली, आणि वरच्या बाजूला एक सोन्याचा दात असलेली. हसली की तो चमकायचा आणि तो चमकावा म्हणून ती हसायची. बाबांचं घरातलं बोलणं एका शब्दात आटोपायचं. काहीही विचारलं तरी ते म्हणायचे, ''बघूया.'' सकाळी कुळथाच्या पिठीचा वास, दुपारी आत्याच्या अडकित्त्याचा आवाज, संध्याकाळी बोंबील भाजल्याचा धूर, आणि या सगळ्याच्या खाली, गॅलरीतून वाकलं की दिसणारं आमचं लाल मातीचं मैदान.

त्या मैदानावर मी कबड्डी खेळायचे. नुसतं खेळायचे म्हणणं म्हणजे आत्याला थोडंसं बोलणारी म्हणण्यासारखं आहे. मला दुसरं काही सुचायचंच नाही. कॉलेजात जायचे ते वाटेत मैदान लागतं म्हणून. आमच्या संघाची कप्तान कुंदा, खालच्या मजल्यावरची, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची पकड आणि माझी चढाई अशी आमची जोडी होती. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. माझी खेळायची हाफपँट ती गॅलरीत वाळत घालू द्यायची नाही. ती आतल्या दोरीवर साडीच्या खाली वाळायची आणि कधीच पूर्ण वाळायची नाही. आई रोज संध्याकाळी गॅलरीत पाट टाकून तांदूळ निवडायला बसायची, ती मैदानाकडे पाठ करून. कुणी म्हणालं, ''रंजूची आई, बघा तरी पोरगी कशी खेळतेय,'' तर ती म्हणायची, ''माका काय कळता त्या खेळातला?'' आणि सुपातला खडा उचलून खाली भिरकवायची.

दात मोडला तो सरावात आणि तोही कुंदाच्या कपाळावर. ती चढाईला आली, मी खाली वाकून तिच्या घोट्यात हात घातला, ती त्याच क्षणी खाली वाकली, आणि टक्क असा आवाज झाला. आधी कुंदा ओरडली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि ती म्हणत होती, ''मेले, मेले.'' मी तिला समजावत होते की काही झालेलं नाही, पण माझ्या तोंडातून शब्दांऐवजी वाराच बाहेर येत होता. मग माझ्या तळहातावर काहीतरी पांढरं दिसलं. माझाच पुढचा वरचा दात, अर्धा. कुंदाने तो पाहिला आणि एकदम रडायची थांबली. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि का कोण जाणे, हसत सुटलो. तिच्या कपाळावर ती खूण अजून आहे. आता आजी झालीय, तरी टिकली त्या खुणेवरच लावते आणि लोकांना सांगते, ही माझ्या मैत्रिणीची सही.

जिना चढेपर्यंत मात्र माझं हसू गेलं. आई दारातच उभी होती. म्हणाली, ''ई कर.'' मी ओठ मिटून मान हलवली. ''ई कर म्हणतंय ना!'' मी ई केलं. तिने हातातली परात खाली ठेवली. ''झाला मा समाधान? आता ह्या तोंड घेवन तुका कोण करतलो?'' आमच्याकडे लग्नाला 'करणं' म्हणत. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, ''बघूया.'' आईने तेवढ्यात निकाल दिला होता. दात पूर्वीसारखा होईपर्यंत मैदान बंद. आणि पूर्वीसारखा झालाच नाही, तर मैदान कायमचं बंद. आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दाताचं मला काहीच वाटत नव्हतं. अर्ध्या दाताने मी जन्म काढला असता. पण मैदान गेलं तर माझं काय उरणार होतं?

या सगळ्यात आत्या कुठे होती? आत्या कामाला लागली होती. तिने माझ्या हातातला दाताचा तुकडा घेतला, धुतला, हळद लावली, आणि मोरीच्या मागे उंदराचं जे बीळ होतं त्यात टाकून मोठ्या भक्तिभावाने म्हणाली, ''उंदीरमामा, हिचो दात तू घे नि तुझो दात हिका दी.'' मी म्हटलं, ''आते, ते दुधाच्या दाताचं असतं गं.'' ती म्हणाली, ''उंदराक काय कळता दुधाचो आणि कसलो? दात तो दात.''

दुसऱ्या दिवशी आम्ही गिरगावात मानकर डॉक्टरांकडे गेलो, कारण आत्याचा सोन्याचा दात त्यांच्याच हातचा होता. मानकर म्हणजे जुने मुंबईकर, वर घर आणि खाली दवाखाना. जिन्याला शिसवी कठडा, भिंतीवर घड्याळ, आणि डॉक्टर स्वतः इतके हळू बोलणारे की त्यांचं ऐकायला रोगी आपोआप शांत बसायचा. त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं, दातावर थंड पाण्याचा फवारा मारला, मी खुर्चीतून उडाले, तेव्हा म्हणाले, ''छान. नस जिवंत आहे.'' मग त्यांनी विचारलं, ''तुकडा आणलात का? दुधात घालून आणला असता तर चिकटवून बघितला असता.''

आईने आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, ''तो दिलो.''

''कुणाला दिला?''

''उंदराक.''

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ''बरं. तो काही परत करेल असं वाटत नाही. मग आपण कॅप बसवू.''

कॅप बसवणं म्हणजे काय, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. उरलेला दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचा, त्याचं माप घ्यायचं, त्या मापावरून हुबेहूब दात बनवून आणायचा आणि टोपणासारखा वर घट्ट बसवून टाकायचा. पक्की कॅप बनून यायला पंधरा दिवस लागतील, तोवर एक कच्ची कॅप बसवून देतो, म्हणाले. आत्याने लगेच मागणी केली की पक्की कॅप सोन्याची करा. ''माणूस मेला की तोंडात सोना घालूचा लागता. हिच्या तोंडात आदीच आसला तर मागच्यांका धावाधाव नको.'' डॉक्टर म्हणाले, ''अहो बाई, ती अजून विशीचीही नाही.'' आत्या म्हणाली, ''आज ना उद्या मरतलीच मा?'' आई डोळे मोठे करून म्हणाली, ''गप बसा वन्स.'' मग डॉक्टरांशी बोलायची खास पुस्तकी मराठी काढून म्हणाली, ''पांढराच बसवा. कुणालाही कळता कामा नये.''

रंग निवडायला डॉक्टरांनी एका पट्टीवर लावलेले छोटे छोटे दात काढले आणि मला खिडकीपाशी नेऊन एकेक माझ्या दाताशेजारी धरायला लागले. मला वाटायचं दात पांढरे असतात. पण त्या पट्टीवर इतके पांढरे होते की पांढरा म्हणजे नेमका कोणता, तेच कळेना. आईने साडी निवडावी तसं प्रत्येक दात उजेडात, सावलीत, लांबून, जवळून बघितला. एक जरा उजळ आहे, एक मळकट आहे. आत्याचं मत वेगळं. बाहेर गाल सुजवून बसलेले एक गृहस्थ होते, त्यांनाही आईने आत बोलावलं, आणि त्यांनी दुखऱ्या गालावर हात ठेवून तिसऱ्याच दाताकडे बोट दाखवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, ''ही मुलगी चहा फार पिते. हा घेऊ.'' आणि पिवळसर झाक असलेला एक दात बाजूला काढला. तो अगदी जुळला, हे मात्र मान्य करायला हवं.

इंजेक्शनचं मी तेवढं वाईट बोलणार नाही. हिरडीत टोचताना डोळ्यांत पाणी आलं, पण नंतर ओठ इतका जड झाला की तो माझा नाहीच, शेजारणीचा आपल्याकडे ठेवायला दिलाय असं वाटायला लागलं. मग चरखी सुरू झाली. दुखत काहीच नव्हतं, पण आवाज थेट डोक्याच्या कवटीत फिरत होता आणि जळक्या नखासारखा वास येत होता. मध्येच डॉक्टरांनी आरसा दिला. पेन्सिलीला टोक काढल्यासारखा माझा दात! मी आरसा परत दिला. नंतर त्यांनी एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरून तो माझ्या तोंडात कोंबला आणि नाकाने श्वास घे म्हणाले. लाळ हनुवटीवरून खाली गळत होती आणि आई ती रुमालाने पुसत होती, मी दोन वर्षांची असल्यासारखी. मला वाटतं, त्या महिन्यात ती पहिल्यांदा माझ्याशी मायेने वागत होती, आणि मला ते सांगताही येत नव्हतं.

परवा परळच्या एका डॉक्टरबाईंकडे मी हे सगळं पुन्हा एकदा करून आले. जुनी कॅप इमानाने चाळीस-एक वर्षं टिकली, आता हिरडी मागे सरकल्यामुळे काळी रेघ दिसायला लागली होती. आता तो लगदा नाही. एक काडीसारखा कॅमेरा तोंडात फिरवतात आणि आपले दात समोरच्या पडद्यावर दाराएवढे दिसतात. पोरगी गोड होती. म्हणाली, ''काकू, हा टेम्पररी आहे. चिकट खायचं नाही, कडक खायचं नाही, या बाजूने चावायचं नाही.'' मला हसू आलं. हे शब्द न् शब्द मला पाठ होते.

कारण मानकर डॉक्टरांनी कच्ची कॅप बसवताना हेच सांगितलं होतं. कच्च्या चिकटीने बसवली आहे, म्हणाले, म्हणजे मला पुन्हा काढता यावी. चिकट नाही, कडक नाही, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, आणि कबड्डी तर नाहीच नाही. मी जड ओठाने विचारलं, ''आणि शिंक आली तर?'' त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ''तोंड मिटून शिंक.'' गिरगावच्या माणसाला लालबागचा एप्रिल काय माहीत! घरी आल्यापासून आत्याने माझ्यावर पहारा बसवला. माझ्या नाकाची पाळी हलली की ती असेल तिथून धावत यायची आणि तळहात माझ्या तोंडावर दाबून धरायची. शिंक कानांतून बाहेर पडते की काय असं व्हायचं. पहिल्या दिवशी तर येताना वाटेत मी उसाचा रस मागितला आणि बधिर ओठामुळे तो सगळा सरळ पंजाबी ड्रेसवर ओतला. रसवाल्याने मला विचारलं, ''ताई, ग्लास फुटका आहे का?''

पण खरी परीक्षा पुढेच होती. गावाहून कुणाबरोबर तरी फणसपोळी आली. नुकती वाळवलेली, मधासारख्या रंगाची, केळीच्या पानात गुंडाळलेली. तिचा वास चाळभर पसरला. फणसपोळीइतकी चिकट वस्तू देवाने दुसरी केलेली नाही. एकदा दाताला लागली की जिभेने तासभर काम करावं लागतं. आईने ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि मी रोज तिच्याकडे बघत पेज खात होते. त्यातच कुंदा धावत वर आली. आमचा संघ मे महिन्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचला होता. मी नसताना पोचला म्हणून मला थोडा रागच आला. सामना शनिवारी संध्याकाळी, आमच्याच मैदानावर, दादरच्या मुलींशी. आणि माझी पक्की कॅप येणार होती सोमवारी.

''तू नुसती बदली खेळाडू म्हणून बाहेर बस,'' कुंदा कुजबुजली. ''तुला बघून त्या घाबरतील.''

मी म्हटलं, ''आई मला मारेल.''

आत्या सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, ''शनवारी वयनी परळाक बारशाक जातली.''

म्हणजे झालं. शनिवारी आई बारशाला गेली आणि आत्याने वरच्या फळीवरून फणसपोळी काढली. ''रिकाम्या पोटान जातत काय कोण?'' मी म्हटलं डॉक्टर, ती म्हणाली डॉक्टर काय चढाई करणार आहेत? अंगात बळ नको? आणि मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, पुढच्या दातांनी तोडून खाल्ली. मागच्या दातांनी फणसपोळी खाणं म्हणजे तिचा अपमान. कॅप किंचित हलल्यासारखी वाटली, पण तोवर खालून शिट्टी वाजली होती.

मैदान गच्च भरलं होतं. चाळीच्या प्रत्येक गॅलरीत माणसं, कठड्यावर पोरं, दोरीच्या पलीकडे गिरणीतून सुटलेले कामगार डबे घेऊन उभे. दादरच्या मुली उंच, नीटनेटक्या, एकसारख्या बनियनमधल्या. मी बाहेर बसले होते आणि बसूनच राहायचं असं देवाला सांगत होते. पण मध्यंतरानंतर कुंदाचा घोटा मुरगळला, ती लंगडत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि काहीही बोलली नाही. बोलली असती तर मी नाही म्हणाले असते.

आत गेले आणि इतक्या दिवसांची पेज, शिंका, पहारा सगळं विसरले. एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या चढाईला मी दम धरून त्यांच्या पार आत शिरले, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावायला झेपावले, आणि कबड्डीतल्या 'ब'वर जोर दिला तशी माझ्या तोंडातून ती कॅप सुटली. मला ती दिसली. उन्हात चमकत गेली आणि त्यांच्या अंगणात लाल मातीत पडली. पांढरी, पिवळसर झाक असलेली, आईने उजेडात आणि सावलीत बघून पसंत केलेल्या रंगाची. माझ्या डोळ्यांपुढे फक्त आईचा चेहरा आला. कॅप गेली म्हणजे मी खेळले, हे तिला कळणारच होतं. सोमवारची पक्की कॅप, पूर्वीसारखा दात, मैदान, सगळं त्या मातीत पडलं होतं. मी वाकले आणि ती उचलून मुठीत घेतली.

आता दादरच्या मुलींना काय वाटणार? समोर चढाई करणारी मुलगी त्यांच्या मधोमध पाठ वाकवून उभी आहे! एकीने घोटा धरला, एकीने कंबर, मग सगळ्याच अंगावर आल्या. मी पालथी पडले. माझा दम चालू होता, पण दातात खिंड पडल्यामुळे 'कबड्डी कबड्डी'बरोबर शीळही वाजत होती आणि पंच कान माझ्या तोंडाशी आणून ऐकत होते. मी कोपरांनी मध्यरेषेकडे सरकत होते, त्या अख्ख्या ढिगासकट. हात पुढे ताणला. मिटलेली मूठ रेषेच्या अलीकडेच राहिली, फक्त बोटांएवढी अलीकडे. बोटं लांब करायची तर मूठ उघडावी लागणार होती, आणि मूठ उघडली तर त्या पायांखाली दात गेला. दम संपत आला. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आणि तेवढ्यात दोरीच्या बाजूने आवाज आला, आयुष्यात मी तो आवाज कुठेही ओळखला असता.

''मूठ उघड गो! दात जावंदे! रेष धर!''

मी मूठ उघडली. बोटं रेषेला लागली.

पुढचं काही मला नीट आठवत नाही, कारण माझ्या अंगावरच्या सगळ्या बाद झाल्या होत्या आणि त्यांच्यावर लोण चढला होता आणि गॅलऱ्यांमधून परातींचा आवाज येत होता. मला आठवतं ते हे की पंचांनी खेळ थांबवला, कारण कुंदाने लंगडत येऊन त्यांना सांगितलं की आमच्या खेळाडूचा दात हरवला आहे. मग दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून माती चाळायला लागले. दादरच्या मुली फार सज्जन होत्या. एकीने खडा उचलून मला विचारलं, ''हा का गं?'' आत्या दोरीपलीकडून ओरडून वर्णन सांगत होती, ''पिवळसर आसा! चायच्या रंगाचो!'' बाबा कुठून तरी आले होते आणि मातीकडे बघत म्हणत होते, ''बघूया, बघूया.'' दात मिळाला नाही. सामनाही आम्ही हरलो. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्हाला इतकं हसू येत होतं की कुणाचाच दम टिकेना. दादरच्या मुलीही हसत होत्या, पण त्या जरा कमी हसल्या.

आई मात्र दोरीपाशी उभी होती, बारशाची साडी नेसून. परळला जाताना ती अर्ध्या वाटेतूनच परतली होती. आतल्या दोरीवर माझी हाफपँट दिसली नव्हती हे तिला वाटेत आठवलं होतं. मला वेणीला धरून घरी न्यायला आली होती. शेजारच्या एका कामगाराने म्हणे तिला ''कोणाची गो ही पोरगी?'' विचारलं तेव्हा म्हणाली, ''माजा चेडू.'' हे मला आत्याने नंतर सांगितलं. मी खाली मान घालून समोर गेले.

''ई कर,'' आई म्हणाली.

मी ई केलं. पेन्सिलीच्या टोकासारखा तो खुंट आणि त्याच्या बाजूला लाल माती. तिने नीट बघितलं. मग तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मी तिला असं हसताना तोवर पाहिलंच नव्हतं. हसता हसता तिला शिंक आली, आणि शिंकून झाल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, ''मूठ उघडूक इतको वेळ कित्याक लावलंस?''

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मैदानाकडे पाठ करून तांदूळ निवडणाऱ्या, 'माका काय कळता' म्हणणाऱ्या या बाईला रेषा, दम, लोण, सगळं कळत होतं. इतकी वर्षं ती पाठीने माझा खेळ बघत होती. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली आणि तिची बारशाची साडी मातीने लाल करून टाकली, त्यावर मात्र तिने मला धपाटा घातला.

सोमवारी डॉक्टर मानकरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ''पहिला उंदराला, दुसरा मैदानाला. हा तिसरा तरी तोंडात ठेवा.'' पक्की कॅप त्यांनी आधी नुसती ठेवून बघितली, निळा कागद दातांत धरून चाव म्हणाले, घास म्हणाले, निळा डाग पडला तिथे जरासं घासलं, पुन्हा चाव म्हणाले. मग सिमेंट लावून घट्ट दाबून धरली. आईने मला खिडकीपाशी नेलं, उजेडात बघितलं, सावलीत बघितलं. कोणता दात खोटा ते तिला सांगता येईना. पुढे माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर कित्येक वर्षं सांगता आलं नाही, आणि कळलं तेव्हाही त्याने चुकीच्या दाताकडे बोट दाखवलं. आत्याचं तोंड जरा उतरलं होतं. तिला अजूनही सोन्याचाच हवा होता.

आम्ही निघालो. जिन्यापाशी आई थांबली, मागे वळली आणि आपल्या पुस्तकी मराठीत डॉक्टरांना विचारलं, ''या दाताने खेळलं तर चालेल ना?''

डॉक्टर म्हणाले, ''खेळायचं नसतं तर मी एवढा घट्ट कशाला बसवला असता?''

त्या संध्याकाळी आईने गॅलरीत पाट टाकला तो मैदानाकडे तोंड करून. त्यानंतर मी खूप सामने खेळले, लांबलांबच्या गावांना जाऊन खेळले. परत आले की दारात आई असायचीच. जिंकलीस का, हरलीस का, हे तिने कधीच आधी विचारलं नाही. आधी म्हणायची, ''ई कर.'' मी ई करायचे, ती मोजून बघितल्यासारखी बघायची, आणि मग म्हणायची, ''सगळे आसत. ये, जेव.''

चाळ आता नाही. तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मी राहते, आणि मैदानाच्या जागी गाड्या लावायचं तळघर आहे. माझी ती कच्ची कॅप कुठल्यातरी खांबाच्या पायात असणार. परवा परळहून ही टेम्पररी कॅप बसवून आले तेव्हा ओठ अजून जडच होता. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. समोर आरसा होता. मला आईची इतकी आठवण आली की राहवेना. मी दोन बोटांनी जड ओठ वर उचलला, आरशात ई केलं आणि मोठ्याने म्हणाले, ''बघ गो आये, सगळे आसत.'' तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. बाहेर सातव्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब लग्नाला निघालेलं, नटूनथटून उभं होतं. मी बोटं काढली नाहीत. त्यांनाही ई करून दाखवलं.